‘पॅगोडा’ मर्सिडीजसाठी लोक एवढे पैसे का मोजतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मर्सिडीजची १९६०च्या दशकातली दोन सीटची उघडी एसएल, जिला सगळे ‘पॅगोडा’ म्हणतात, तिची ताकद जेमतेम दीडशे हॉर्सपॉवर. आजची कुठलीही टर्बो सेडान तिला सिग्नलवर मागे टाकेल. तरी चांगल्या गाडीला जर्मनीत लाखभर युरो किंवा त्याहून जास्त पडतात. हे नुसतं नावाचं आणि जुन्या काळाच्या ओढीचं मोल आहे की चालवायला खरंच काही वेगळं आहे? आणि पुढेमागे घ्यायचीच झाली तर काय बघायचं?

स्टुटगार्टच्या परिसरात याच गाड्या उघडण्या-जोडण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे मी तिच्या बाजूने झुकलेला आहे हे धरूनच वाचा. माझं मत असं की पॅगोडा सुंदर आहे, पण ते सौंदर्य मुद्दाम चिकटवलेलं नाही. तिच्यावरची जवळजवळ प्रत्येक रेघ कुठल्यातरी इंजिनियरने काही कारणासाठी मागितली होती. म्हणून साठ वर्षांनीही ती जुनाट वाटत नाही, आणि म्हणूनच ती आजही रोज चालवता येते.

वेगाचा मुद्दा आधी निकालात काढू. मार्च १९६३मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये २३० एसएल दाखवली तेव्हाही लोकांनी हाच प्रश्न विचारला होता. दोन वर्षं आधी तिथेच जॅग्वारने ई-टाइप आणली होती, २६५ हॉर्सपॉवरची. तिच्यापुढे २३० एसएलचं २.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, वजन तेराशे किलोच्या आसपास, शंभरचा वेग गाठायला दहा-अकरा सेकंद, टॉप स्पीड २०० किलोमीटर. त्यात पॉवर स्टीअरिंग आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मागून घेता यायचा. ही कसली स्पोर्ट्स कार, ही तर बायकांची गाडी, असं त्या वेळचे पुरुष लेखक सर्रास म्हणायचे.

त्याला कंपनीने दिलेलं उत्तर मला फार आवडतं. पत्रकारांना जिनिव्हाजवळ, सरहद्दीपलीकडे फ्रान्समधल्या आनमासच्या छोट्या, वळणावळणांच्या सर्किटवर नेलं. इंजिनियर रुडॉल्फ ऊलेनहाउट स्वतः २३० एसएल घेऊन उतरले आणि ४७.५ सेकंदांत फेरी मारली. त्याच सर्किटवर माईक पार्क्सने फेरारी २५० जीटीमध्ये लावलेला वेळ होता ४७.३ सेकंद. फेरारीत तीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, आणि पार्क्स रेसिंगमधला मुरलेला माणूस. ऊलेनहाउटही काही साधे चालक नव्हते, पण अशा फेरारीच्या दोन दशांश सेकंदांपर्यंत पोचणं निव्वळ चालकाच्या हाताने जमत नाही. त्याच वर्षी ऑइगेन ब्योरिंगर या स्टुटगार्टच्या हॉटेलवाल्याने स्पा-सोफिया-लिएज ही रॅली २३० एसएलमध्ये जिंकली. साडेपाच हजार किलोमीटर, त्यात युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियातले खडी-मातीचे रस्ते. त्यानंतर बायकांची गाडी वगैरे बोलणं जरा कमी झालं.

हे जमलं कशामुळे? कंपनीपुढचा पेच आधी समजून घ्यावा लागतो. तोवर एसएल दोन होत्या. एक ३०० एसएल: १९५४ची वर उघडणाऱ्या दारांची आणि १९५७पासूनची रोडस्टर. रोडस्टरची किंमत ३२,५०० मार्क, आणि ती बनल्या फक्त १,८५८. दुसरी १९० एसएल: दिसायला तिचीच धाकटी बहीण, पण चार सिलिंडर आणि १०५ हॉर्सपॉवर. ती पंचवीस हजारांहून जास्त खपली. एक गाडी फार महाग, दुसरी फार मवाळ. दोघींच्या जागी एकच गाडी आणायची होती. तिची किंमत ठरली २०,६०० मार्क, आणि त्या काळात फोक्सवॅगन बीटल पाच हजारांच्या आसपास मिळत होती. म्हणजे गाडी श्रीमंतांचीच, पण डॉक्टर-वकिलाने हिशेब घातला तर जमण्यासारखी.

पैसे वाचवायला खालचा तळ आणि सस्पेन्शन शेपटीवाल्या २२०च्या सेडानकडून घेतलं, तळ आखूड करून. या काटकसरीतूनच सगळ्यात मोठा फायदा झाला. ती सेडान १९५९ची, आणि पुढचा-मागचा भाग चुरडून धक्का शोषून घेईल पण माणसं बसतात तो भाग शाबूत राहील, या तत्त्वावर बनलेली पहिली गाडी. ही कल्पना बेला बारेनी यांची. ऑस्ट्रियात जन्मलेले हे गृहस्थ १९३९मध्ये कंपनीत आले आणि पुढे त्यांच्या नावावर अडीच हजारांहून जास्त पेटंटं जमा झाली. त्यांचा तळ वापरला म्हणून पॅगोडा ही अशी सुरक्षित बांधणी असलेली पहिली स्पोर्ट्स कार ठरली. सेडानचा तळ म्हणून डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतरही रुंद, पुढे आणि मागे सुमारे १४८६ मिलिमीटर. बाहेरची रुंदी १७६० मिलिमीटर, तेव्हा चाकं अगदी कडेला येऊन उभी राहतात. मागून बघा, गाडी पाय फाकवून ठाम उभी आहे असं वाटतं. तो नुसता आभास नाही. आनमासच्या वळणांवर तिने फेरारीला गाठलं ते या रुंदीच्या आणि त्या वेळच्या नव्या रेडियल टायरांच्या जोरावर.

आता ते छत, ज्याच्यावरून पॅगोडा हे नाव पडलं. कंपनीने हे नाव दिलेलं नाही, लोकांनीच दिलं. काढता-घालता येणारा लोखंडी टप मध्ये दबलेला आणि दोन्ही कडांना उचललेला आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी वर बसलं होतं. कारण साधं आहे. दारांच्या काचा उंच हव्या होत्या, म्हणजे आत-बाहेर करताना मान मोडावी लागू नये आणि बाजूचं नीट दिसावं. कडा उचलल्या की मधला भागही तेवढाच उंच घ्यायचा तर गाडी टोपी घातल्यासारखी दिसली असती. म्हणून मध्य खाली ठेवला. शिवाय सपाट पत्र्यापेक्षा बाक दिलेला पत्रा ताठ राहतो. पन्हळी पत्रा वाकवून बघितला असेल तर हे सांगायला नको. छत स्वतःच ताठ झाल्यावर त्याला धरणारे खांब बारीक ठेवता आले, आणि खांब बारीक म्हणून चहूबाजूंनी काचच काच. ही कल्पनाही बारेनी यांच्याच पेटंटातली. फ्रीडरिश गायगर यांच्या विभागातल्या पॉल ब्राक या तरुण फ्रेंच डिझायनरने तिला देखणं रूप दिलं.

गिऱ्हाईक पहिल्यांदा गाडीत बसतं तेव्हा मी शेजारी उभा राहून गंमत बघतो. आधी हात स्टीअरिंगकडे जातो, कारण ते आजच्या मानाने अवाढव्य आणि बारीक आहे. समोर गाडीच्याच रंगाचा रंगवलेला पत्र्याचा डॅशबोर्ड, दोन मोठी गोल मीटरं आणि त्यांच्या मधे पेट्रोल, तापमान आणि तेलाच्या दाबाची उभी पट्टी. मग माणूस मान वळवून मागे बघतो आणि थबकतो. गाडीचे चारही कोपरे दिसतात! आजच्या गाड्यांत कॅमेरा लावून जे मिळवावं लागतं ते इथे नुसत्या नजरेने मिळतं. अरुंद गल्लीत गाडी घालताना तुम्हाला पुढचं मडगार्ड कुठे संपतं ते ठाऊक असतं. ही गाडी चालवून दमायला होत नाही याचं निम्मं कारण हे आहे.

कापडी टप खाली करायला मोटर नाही. पुढच्या काचेवरच्या खिट्ट्या सोडायच्या, मागची कमान उचलायची, कापड चिमटीत न सापडेल असं दुमडायचं, सगळं सीटमागच्या खणात बसवायचं आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं झाकण लावायचं. सवय झाली की एकट्याने मिनिटभराचं काम. झाकण लागलं की टपाचा मागमूस राहत नाही, मागची रेघ एकदम स्वच्छ. त्या काळातल्या बऱ्याच उघड्या गाड्यांचा दुमडलेला टप मागे गाठोड्यासारखा दिसायचा, हिचा नाही. लोखंडी टप उचलायला मात्र दोन माणसं लागतात, आणि दोघांचं आपसात पटत असलं पाहिजे.

चालवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मागचा अ‍ॅक्सल स्विंग प्रकारचा आहे, म्हणजे चाक वर-खाली होताना तिरकंही होतं. त्याचा सांधा खाली घेतलाय आणि मध्ये आडवी स्प्रिंग दिली आहे, त्यामुळे जुन्या ३०० एसएल कूपेसारखा तो दगा देत नाही. पण ओल्या रस्त्यावर, भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडलात तर मागची बाजू सुटू पाहते. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात पाय हलका पण स्थिर ठेवायचा. दुसरी गोष्ट ऑटोमॅटिकची. चार गिअरचा हा बॉक्स आजच्यासारखा मऊ नाही. गिअर बदलताना हलका गचका बसतो. तो बिघाड नाही, मूळ स्वभावच तसा आहे. अनेक मालक हा गचका घालवायला मेकॅनिककडून बॉक्स उघडून घेतात आणि पैसे घालवतात.

खरी डोकेदुखी, आणि खरं तर खरी मजा, इंजेक्शन पंपात आहे. कार्ब्युरेटरऐवजी बॉशचा सहा प्लंजरचा, म्हणजे सहा दट्ट्यांचा, यांत्रिक पंप आहे, प्रत्येक सिलिंडरला एक. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे आणि इंजिन किती फिरतं आहे, या दोन्हींचा हिशेब आतला एक वेडावाकडा घडवलेला कॅम करतो. कुठेही इलेक्ट्रॉनिक्स नाही. हवेचा दाब ओळखणारी डबी आहे, त्यामुळे आल्प्सच्या घाटात वर गेलं की पेट्रोल आपोआप कमी होतं. थंड इंजिनासाठी जास्त पेट्रोल आणि जास्त हवा देणारा एक थर्मोस्टॅटही पंपावरच बसवलेला आहे. नीट लागलेला असेल तर हा पंप पन्नास वर्षं तक्रार करत नाही.

लोक मात्र त्याला सुखाने राहू देत नाहीत. गाडी काळा धूर मारते, पेट्रोल पिते, की लगेच पंपाचा स्क्रू फिरवला जातो. दहातल्या आठ वेळा दोष पंपाबाहेर असतो. अ‍ॅक्सिलरेटरपासून थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) आणि पंपापर्यंत जाणारे रॉड ठरावीक लांबीचे असतात. कुणीतरी कधीतरी एक सांधा अंदाजाने फिरवलेला असतो आणि मग थ्रॉटल आणि पंप एकमेकांशी भांडत राहतात. आधी प्लग, पॉइंट, टायमिंग. मग रॉड. पंप सगळ्यात शेवटी. घेण्याआधी तुम्हाला स्वतःला करता येईल अशी एक तपासणी सांगतो. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. पंपावरच्या थर्मोस्टॅटला हवा घेण्यासाठी एक छोटी गाळणी असते, तिच्या तोंडावर बोट ठेवा. इंजिन गरम असताना तिथे ओढ लागता कामा नये. ओढ लागली म्हणजे थर्मोस्टॅट अडकलाय आणि गाडी अजून स्वतःला थंड समजते आहे. मग डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन खाली उतरलंय, आणि अशा तेलावर ती किती चालली असेल याचा विचार सौदा करताना करा.

तरीही इंजिन हा दुय्यम मुद्दा. इंजिन दुरुस्त होतं, त्याचा खर्च आधी सांगता येतो. पत्र्याचा सांगता येत नाही. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि या गाड्या त्या मिठातून वर्षानुवर्षं चालल्या. दारं, बोनेट, डिकीचं झाकण आणि टपाचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं, बाकी सगळं लोखंडी. सोबत छोटं लोहचुंबक ठेवा: या चार ठिकाणी ते चिकटता कामा नये, आणि मडगार्डांवर सगळीकडे सारखंच चिकटलं पाहिजे. जिथे सुटतं तिथे आत पुट्टी भरलेली आहे. दाराच्या खालच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना भिडतात आणि तिथे फुगे येतात, ते बोटाने चाचपून बघा.

पुढची मडगार्डं बोल्टची नाहीत, वेल्डिंगने जोडलेली आहेत. म्हणून अपघात झालेला असला की तो लपत नाही, बघायचं कुठे ते माहीत हवं. बोनेट उघडा आणि मडगार्डाची आतली कड टॉर्चने निरखून पाहा. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे छोटे गोल खड्डे सारख्या अंतरावर, ओळीने दिसले पाहिजेत. कड गुळगुळीत असेल तर तिथे कुणीतरी काम केलेलं आहे. काम करणं हा गुन्हा नाही, पण विकणारा ‘कधी हात लावलेला नाही’ म्हणत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही तेवढीच किंमत द्या.

मग दारं. दार हळूच, एका बोटाने ढकलून लावून बघा. दाराच्या पुढची आणि मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो, सगळा भार दाराखालच्या सिलवर. सिल सडली म्हणून कापताना दाराच्या चौकटीत आडवा टेकू लावला नाही तर गाडी मध्ये खचते आणि नवीन सिल तशीच खचलेल्या अवस्थेत वेल्ड होते. वरून रंग कितीही चकाकत असला तरी ती दारं पुढे कधीच नीट लागत नाहीत. सरळ करायचं म्हणजे सगळं पुन्हा कापायचं. अशा गाडीवर गाडीच्या किमतीहून जास्त खर्च झालेला मी पाहिला आहे.

तीन मॉडेलांपैकी कुठलं, हेही तुम्ही विचारणारच. २३० एसएल १९६३ ते १९६७, सुमारे १९,८००. इंजिनला जोरात फिरायला आवडतं, ती तिघींत सगळ्यात चपळ वाटते, पण मागे ड्रम ब्रेक आहेत. २५० एसएल जेमतेम वर्षभर बनली, पाच हजारांच्या थोड्या वर. तिला सात बेअरिंगचा क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा), मागेही डिस्क ब्रेक आणि ८२ लिटरची टाकी. २८० एसएल मार्च १९७१पर्यंत, १७० हॉर्सपॉवर, सुमारे २३,९००. बाजारात २८०ला भाव जास्त आणि ती रोजच्या वापराला सगळ्यात सोपी हे खरं आहे. पण तिच्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेत गेल्या, आणि तिकडच्या गाड्यांना डिफरन्शियलचं प्रमाण ४.०८ दिलेलं होतं, म्हणजे चाकांच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणारा दांडा चारहून जास्त वेळा फिरतो. हायवेवर शंभर-सव्वाशेला इंजिन ओरडत राहतं आणि नव्या मालकाला वाटतं गाडीत दोष आहे. कॅलिफोर्नियातून आलेली गाडी गंजाच्या दृष्टीने बरी, पण हे प्रमाण आधी विचारून घ्या. मला स्वतःला २५० घ्यायला आवडेल. तिची किंमत बहुतेक वेळा २८०पेक्षा कमी असते, याला माझ्या मते काही तर्क नाही.

ती भारतात ठेवायचा विचार असेल तर थोडं. गंमत अशी की या गाड्या इकडे बनत होत्या त्याच काळात आपल्याकडे तीन टोकांचा तारा लोकांना ट्रकवर माहीत होता. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ चालला. आज पॅगोडाची सगळीच वर्षं पन्नाशीपार आहेत, त्यामुळे केंद्राने २०२१मध्ये केलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत ती बसते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आणि गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. मूळ रूप बदललेलं चालत नाही, तेव्हा कुणी एसी आणि टचस्क्रीन घालून ‘अपग्रेड’ केलेली गाडी स्वस्तात देत असेल तर नाही म्हणा. उजव्या स्टीअरिंगच्या पॅगोडाही बनल्या होत्या. त्या बऱ्याचशा ब्रिटनमध्ये सापडतात, म्हणजे पुन्हा मीठ आणि पुन्हा सिल. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असेल तर टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे बसवून घ्या. जुनं रबर मऊ होऊन त्याचे कण पंपात गेले की वर सांगितलेली पन्नास वर्षांची शांतता एका पावसाळ्यात संपते.

आणि पैसे देण्याआधी त्या गाडीचं डेटा कार्ड, म्हणजे कारखान्याचं नोंदीचं कार्ड, मागा. त्यावर इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे नंबर, मूळ रंग आणि सीटच्या कापडाचा कोड सगळं असतं. लोखंडी टपावरही बॉडीचा नंबर असतो. तो कार्डाशी जुळला नाही तर टप दुसऱ्या गाडीचा आहे, आणि तो तुमच्या काचांवर कधीच घट्ट बसणार नाही.